वादळानंतर शाळेला काय पाठवावे?

प्रश्न : माझे माहेर दापोली तालुक्यातले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचे छप्पर उडाले. आम्ही इथल्या काही जणींनी वह्या, दप्तरे, जुनी पुस्तके आणि कपडे जमवले आणि गाड्या सुरू झाल्यावर पाठवून दिले. पुढे भावाकडून कळले, की निम्मे सामान खोक्यांतच पडून आहे. राग आला नाही, पण कोडे पडले. इतकी वर्षे उभ्या असलेल्या शाळेचे छप्पर एका दुपारीत उडते कसे? वादळानंतर शाळेला खरी गरज कशाची असते? सरकार काय करते? आणि आमच्यासारख्यांनी इतक्या लांबून नेमके काय करावे?
– एक वाचक भगिनी, जवाहर चौक, भोपाळ

उत्तर : ताई, तुमची खोकी पडून राहिली याचे वाईट वाटून घेऊ नका. बहुतेक वादळांनंतर बहुतेक खोक्यांचे असेच होते. मात्र ते का होते हे कळायचे तर छपरापासूनच सुरुवात करावी लागेल.

भोपाळकरांना वारा नवा नाही. मे-जूनच्या संध्याकाळी आंधी येते, दुकानांच्या पाट्या लोंबकळतात, वीज जाते आणि तासाभरात सगळे निवते. त्यामुळे चक्रीवादळ म्हणजे जरा मोठी आंधी, असा आपला समज असतो. फरक दोन गोष्टींत आहे. आंधी एका दिशेने येते आणि निघून जाते. चक्रीवादळ कित्येक तास एकाच मुलखावर फिरत राहते आणि ते पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशा बदलते. सकाळी पूर्वेकडून ढिले झालेले कौल दुपारी दक्षिणेकडचा वारा उचलतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, झोत त्याहून जोराचे. सगळ्यांची नजर मुंबईवर होती, मुंबई मात्र बरीचशी वाचली. याचेही कारण सरळ आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ ईशान्येकडे सरकत होते. अशा वेळी त्याच्या वाटेच्या उजव्या अंगाला वादळाचा स्वतःचा वेग आणि वाऱ्याचा फेरा एकमेकांत मिळतात आणि वारा थेट समुद्रावरून आत घुसतो. उजव्या अंगाला होते श्रीवर्धन, म्हसळे, मंडणगड आणि तुमचा दापोली तालुका. मुंबई होती डाव्या अंगाला.

आता छप्पर. वारा ढकलतो एवढेच आपल्याला ठाऊक असते, म्हणून छप्पर ‘ढकलले’ गेले असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते वर ओढले जाते. उतरत्या छपरावरून वारा वेगाने सरकतो तेव्हा छपराच्या वरच्या बाजूला, विशेषतः कडांशी आणि आढ्याजवळ, हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी व्हरांड्यातून आणि मोडक्या खिडकीतून आत शिरलेला वारा छपराला खालून रेटतो. वरून ओढ आणि खालून रेटा, अशा कात्रीत छप्पर सापडते.

हिशेब करून पाहू. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण ६५ ते ७० किलोच्या वजनाइतका भरतो. छपराच्या मधल्या भागात ओढ याहून कमी असते, कडांना जास्तही होते. आणि आपल्या नेहमीच्या नालीदार पत्र्याचे वजन? दर चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनावर बसलेला नसतोच, तो हुकांवर बसलेला असतो. कौल जड असते, पण ते रिपेवर नुसते अडकवलेले असते. कडेचे एक निघाले की वाऱ्याला फट मिळते आणि मग ओळच्या ओळ उठते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी साठच्या वाऱ्यात वर्षानुवर्षे टिकलेले छप्पर एकशेवीसच्या वाऱ्यात टिकेलच असे म्हणता येत नाही. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हा दाखला इथे कामाचा नाही.

कोकणातल्या जुन्या शाळेत गेलात तर एक गोष्ट जवळून पाहा. भिंती जांभ्याच्या, हातभर रुंद. त्यांना वादळ सहसा काही करत नाही. वर वासे आणि रिपा, किंवा नव्या दुरुस्तीत लोखंडी कैच्या आणि पत्रे. पत्रा ज्या हुकाने खालच्या पट्टीला धरलेला असतो तो हूक करंगळीपेक्षा बारीक असतो. त्यावर एक वायसर आणि एक नट. खाऱ्या हवेत हा हूक आतून गंजतो, वरून रंग दिसत राहतो. वादळानंतर अंगणात पडलेला पत्रा उचलून पाहिलात तर बऱ्याचदा पत्रा धड असतो आणि हुकांच्या जागी भोके मोठी झालेली असतात. म्हणजे फाटतो तो हुकाभोवतीचा पत्रा, किंवा तुटतो तो हूक. तरी आपण वर्गणी गोळा करतो ती पत्र्यांसाठी. हुकांसाठी कोणी पावती फाडत नाही.

इथे दोन गैरसमज निकालात काढू. पहिला : वारा आला की पलीकडच्या खिडक्या उघडाव्यात, म्हणजे दाब सारखा होतो. हे करू नये. उघड्या खिडकीतून वारा आत येतो आणि छपराला खालून रेटायला मदतच होते. दारे-खिडक्या घट्ट बंद करणे हेच योग्य. दुसरा : यावर एकच उपाय, तो म्हणजे सिमेंटचा स्लॅब. स्लॅब वाऱ्याने उडत नाही हे खरे. पण समुद्राजवळ त्यातल्या सळ्या गंजतात, पंधरा-वीस वर्षांत खपल्या पडू लागतात आणि कोकणच्या पावसात तो गळतो. मग त्यावर पुन्हा पत्र्याची शेड चढते, जी पुढच्या वादळात उडते! त्यापेक्षा चारही बाजूंना उतार असलेले चौपाखी छप्पर, कैच्या भिंतीत नीट जखडलेल्या, कडेला हूक जास्त आणि दर दोन वर्षांनी त्यांची तपासणी, एवढ्याने पुष्कळ काम भागते. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात चांगले टिकते, कारण वाऱ्याला अडवणारी उभी तिकोनी भिंत त्याला नसते.

छप्पर उडाल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय वाचवायचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे, जरी तुम्ही तो असा विचारलेला नाही. तुम्हाला वाटेल बाके, फळे, पुस्तके. अनुभवी मुख्याध्यापक आधी कपाटाकडे धावतात आणि जनरल रजिस्टर काढतात.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळा सुरू झाल्यापासून तिथे नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. जन्मतारीख, जात, पालकाचे नाव, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख. शाळा सोडल्याचा दाखला याच्याच आधारे मिळतो. जात पडताळणीला आजोबांच्या काळची नोंद लागते, ती इथेच सापडते. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरात हीच जुनी दप्तरे चाळली गेली. आजच्या मुलांची माहिती ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या ऑनलाइन नोंदींत आहे. पण १९५० किंवा १९७० साली शाळेत असलेल्या माणसाची नोंद कागदावरच आहे आणि कागद एकच आहे. बाक पुन्हा करता येते, हे रजिस्टर पुन्हा करता येत नाही.

ते भिजले तर काय करावे? सर्वांत आधी ओल्या अवस्थेतच, जी पाने सहज उलटतात त्यांचे मोबाइलने फोटो काढावेत. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, शाई आणि कागद दोन्ही निघून येतात. मग रजिस्टर उभे करून पाने पंख्यासारखी थोडी उघडी ठेवावीत, दहा-पंधरा पानांमागे एक कोरा कागद घालावा आणि तो ओला झाला की बदलावा. उन्हात वाळत घालण्याचा मोह होतो, पण त्याने पाने आखडतात आणि बांधणी सुटते. सावलीत आणि वारा लागेल अशा जागी ठेवणे चांगले. जूनच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून घाई या कामाची करायची. अभिलेख सांभाळणारे तज्ज्ञ भिजलेली पुस्तके गोठवून ठेवायला सांगतात, म्हणजे बुरशी थांबते आणि वाळवायला सवड मिळते. सल्ला उत्तम आहे. निसर्ग वादळानंतर काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती, हा त्यातला छोटा अडथळा! शाईपेनाची साधी निळी शाई भिजली की पसरते, बॉलपेनाची बहुधा टिकते. जुन्या गुरुजींच्या सुंदर अक्षरापेक्षा नंतरच्या गिचमिड अक्षराचे आयुष्य इथे जास्त ठरते.

आता सरकार काय करते ते पाहू. वादळ गेल्यावर पंचनामे सुरू होतात. घराचा पंचनामा तलाठी आणि ग्रामसेवक करतात. शाळेचा अहवाल मुख्याध्यापक केंद्रप्रमुखांना देतात, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेत जातो. बांधकाम विभागाचा अभियंता येऊन पाहतो आणि अंदाजपत्रक तयार करतो. तातडीच्या डागडुजीसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून पैसे देण्याची सोय आहे. महाराष्ट्रात या निधीत ७५ टक्के वाटा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा असतो. निसर्ग वादळानंतर दोनच दिवसांत राज्य सरकारने रायगड जिल्ह्यासाठी तातडीचे १०० कोटी रुपये जाहीर केले. तेव्हा सरकार काहीच करत नाही, हा समज बरोबर नाही.

पण ‘डागडुजी’ हा शब्द नीट वाचा. उडालेले पत्रे बसवणे त्यात येते. इमारत धोकादायक ठरली तर वाट वेगळी आणि लांब. आधी निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, म्हणजे ही खोली पाडायला हरकत नाही असे कागदोपत्री ठरवून घ्यावे लागते. ते मंजूर होईपर्यंत खोली पाडताही येत नाही आणि तिच्यात मुलांना बसवताही येत नाही. मग नव्या खोलीची मागणी, ती समग्र शिक्षा अभियानातून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून. यात एखादे शैक्षणिक वर्ष सहज निघून जाते. तोवर शाळा भरते समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात किंवा कोणाच्या तरी पडवीत.

आणि काही गोष्टी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांत टीव्ही, प्रोजेक्टर, साउंड सिस्टीम, पाण्याचे फिल्टर हे सगळे लोकवर्गणीतून आलेले असते. गावातल्या मुंबईकर मंडळींनी दिलेले असते, फळ्यावर देणगीदाराचे नाव असते. डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद होते. वादळात हे भिजून गेले, तर ते पुन्हा द्यायला सरकारी लेखाशीर्ष सापडणे अवघड. मध्यान्ह भोजनाचा तांदूळ भिजला तर तो पुन्हा मिळतो, पण डबे, परात, पातेली आणि कोठीचे दार यांच्यासाठी मुख्याध्यापक खिशात हात घालतात. तुमच्यासारख्यांच्या मदतीला खरी जागा आहे ती इथे.

मग तुमच्या वह्या का पडून राहिल्या? २०२० चे एक खास कारण होते. त्या वर्षी मार्चपासून करोनाच्या महामारीमुळे शाळाच बंद होत्या. कोकणातल्या अनेक शाळांच्या इमारती मुंबईहून गावी परतलेल्या चाकरमान्यांच्या विलगीकरणासाठी घेतल्या होत्या आणि वादळात अशाही काही शाळांची छपरे गेली. वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद, त्यामुळे ऑनलाइन वर्गाचा प्रश्नच नव्हता. राज्यातल्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे वादळानंतर जवळजवळ दीड वर्षाने. मधल्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेले आणि ताडपत्रीवर दिवस काढणाऱ्यांची ताडपत्रीही गेली. वह्या घेणार कोण आणि लिहिणार कुठे?

ही महामारी बाजूला ठेवली तरी एक नेहमीचे कारण उरते. पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफतच मिळतात. ती पुण्याची बालभारती छापते. ती भिजली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत दुसरी मिळू शकतात. तुम्ही भोपाळहून जमवलेली जुनी पुस्तके मध्य प्रदेशच्या अभ्यासक्रमाची, बरीचशी हिंदीतली, तिथे कशी चालतील? गोष्टींची मराठी पुस्तके असती तर गोष्ट वेगळी होती. युनिसेफची ‘पेटीतली शाळा’ म्हणून एक योजना जगभर वापरतात. एका पेटीत एक शिक्षक आणि ४० मुले यांना पुरेल इतके साहित्य असते आणि पेटीच्या झाकणालाच रंग लावून फळा करतात. १९९४ मध्ये रवांडातल्या संकटाच्या वेळी ती पुढे आली. त्या पेटीत पाठ्यपुस्तके ठेवत नाहीत, कारण ती त्या त्या मुलखातून, तिथल्या भाषेतच घ्यायला हवीत. जगभर सामान पाठवणाऱ्यांनी शिकलेला हा धडा आपण जवाहर चौकातून पाठवतानाही वापरायला हरकत नाही.

जुन्या कपड्यांबद्दल एकच सांगतो. ते पाठवू नका. निवडायला, धुवायला, वाटायला माणसे लागतात आणि ती माणसे म्हणजे शेवटी त्याच शाळेतले शिक्षक.

शिक्षकांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्याकडे वळू. मदतीच्या याद्यांत शिक्षक नसतो. त्याचे घरही त्याच वादळात सापडलेले असते. पंचनाम्याच्या कामाला तो, विलगीकरणाच्या ड्यूटीला तो, पोषण आहाराचा हिशेब त्याच्याकडे आणि आपल्याच घरावर ताडपत्री बांधायची राहिलेली. दोनशिक्षकी शाळेत एक जण स्वतःच्या अडचणीत अडकला की अर्धी शाळा थांबते. शिक्षकाला थेट पैसे देऊ नयेत, ते त्यालाही आवडत नाही. पण गावात राहण्याची सोय, महिनाभरासाठी गावातला एखादा शिकलेला तरुण किंवा निवृत्त गुरुजी मदतीला, कागदपत्रांच्या नकला करून देणारे कोणीतरी, हे फार उपयोगी पडते.

याहून न दिसणारी एक साखळी आहे. वादळात कोकणातल्या सुपारी-नारळाच्या वाड्या झोपल्या. नव्या सुपारीला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. वाडी गेली म्हणजे घराचे तेवढ्या वर्षांचे उत्पन्न गेले. मग घरातला कर्ता मुंबई-पुण्याला जातो, सहा महिन्यांनी बायको-मुलांना घेऊन जातो. शाळेचा पट कमी होतो. शिक्षकांची पदे ज्या संचमान्यतेने ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. पट घसरला की पद जाते, पद गेले की शाळेची ओढ कमी होते आणि आणखी दोन घरे मुलांना तालुक्याच्या शाळेत घालतात. छप्पर उडाले जूनमध्ये, पण शाळा खरोखर उडते ती दोन-तीन वर्षांनी, कोणतेही वादळ नसताना. छपरावर पत्रे नवे आणि खाली मुले नाहीत, असे चित्र म्हणूनच दिसते. माझ्या मते वादळानंतर शाळा वाचवायची तर निम्मे काम वाडीत आहे. सुपारीची रोपे देणे हीसुद्धा शाळेची मदतच आहे.

गाव सोडून गेलेल्या मुलांचे काय? अनेक पालकांची भीती अशी, की दाखला भिजला, हरवला, आता नव्या शाळेत प्रवेश मिळणार नाही. हे खरे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, लांबवताही येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. अमेरिकेत २००५ साली कॅट्रिना वादळाने तीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना घर सोडावे लागले, तेव्हा ह्यूस्टनसारख्या शहरांच्या शाळांनी त्यांना कागदपत्रांसाठी अडवून न ठेवता वर्गात बसवले. आपल्या कायद्यातही ती सोय आहे, फक्त पालकांना ती ठाऊक नसते आणि काही शाळा ती मुद्दाम सांगत नाहीत.

मुलांना गावाबाहेर नेऊन शिकवावे का, असेही कोणी विचारतात. याचे मराठी मुलखातले मोठे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-उस्मानाबादकडची १,२०० मुले पुण्याला आणली आणि वाघोलीत त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. तिथे घरेदारे, माणसे, सगळेच गेले होते आणि मुलांना सांभाळणारे हात उरले नव्हते, म्हणून ते योग्य ठरले. चक्रीवादळात बहुधा आई-वडील असतात, गाव असते, छप्पर तेवढे नसते. अशा मुलाला गावातच ठेवून शाळा लवकर सुरू करणे बरे.

कारण शाळा सुरू होणे हेच मुलाच्या मनावरचे पहिले औषध असते. वादळानंतर कित्येक मुले वारा वाढला की दचकतात, रात्री उठतात, बोलत नाहीत. लगेच समुपदेशक बोलवावा, नाहीतर ‘मुले विसरतात’ म्हणून सोडून द्यावे, अशी दोन टोके दिसतात. मधला मार्ग साधा आहे. रोज ठरलेल्या वेळी घंटा, हजेरी, खेळ, गाणी, जेवण. वादळाचे चित्र काढायला सांगावे पण सक्ती करू नये, गोष्ट सांगायला लावू नये. ज्याला महिना-दोन महिन्यांनीही झोप लागत नाही किंवा जो शाळेत येणेच टाळतो, त्याला डॉक्टरकडे न्यावे. बाकीच्यांना ओळखीची शिक्षिका आणि दररोजची घंटा पुरते. म्हणूनच छप्पर पूर्ण व्हायची वाट न पाहता समाजमंदिरात का होईना, आठवडाभरात शाळा भरवावी.

शाळाच निवारा का नसावी, असाही प्रश्न याला जोडून येतो. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर हे करून दाखवले. त्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर किनाऱ्यावर खांबांवर उभी पक्की निवारा केंद्रे बांधली गेली आणि त्यांतली अनेक एरवी शाळा म्हणून वापरली जातात. २०१९ मध्ये फनी वादळापूर्वी बारा लाखांच्या आसपास लोकांना हलवले आणि ओडिशातले मृत्यू शंभराच्या आत राहिले. याची एक किंमतही आहे : निवारा म्हणून वापरलेली शाळा वादळानंतर लगेच रिकामी होत नाही. माणसे राहून गेलेल्या इमारतीची स्वच्छतागृहे आणि टाक्या साफ झाल्याशिवाय मुलांना बसवता येत नाही. सफाईच्या या खर्चाची तरतूद आधीच करून ठेवली तर शाळा लवकर सुरू होते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न : भोपाळात बसून काय करावे. भोपाळला समुद्र नाही, वादळाचे उरलेसुरले ढग तेवढे येतात. निसर्गचेही मध्य प्रदेशापर्यंत आले होते. पण कोकणात माहेर, आजोळ किंवा कुलदैवत असलेली घरे इथे पुष्कळ आहेत, तेव्हा हा प्रश्न पुन्हा येणारच.

वादळ येण्याआधी, आत्ताच, एक काम करा. माहेरच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून विचारा, की जनरल रजिस्टरच्या सगळ्या पानांचे स्कॅन झाले आहे का. नसेल तर त्याचा खर्च तुम्ही उचला आणि एक प्रत शाळेबाहेर, केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीत ठेवायला सांगा. जुन्या पानांवर अनेक घरांची खासगी माहिती असते, म्हणून हे फोटो गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत, एवढे बजावून सांगा. दुसरे, मे महिन्यात पत्र्यांचे हूक तपासून गंजके बदलायला लावा. यात फारसा खर्च नाही. गावचा सुतार किंवा फॅब्रिकेटर दोन दिवसांत करतो.

वादळ झाल्यावर पहिले दोन आठवडे काही पाठवू नका. तेव्हा रस्ते बंद असतात, सरकारी माणसे येत असतात, आणि टीव्हीवर दिसलेल्या गावांत मदतीची गर्दी होते. या काळात फक्त फोन करा आणि यादी मागा. तीही मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडून, नातेवाइकांकडून नव्हे. यादीत ‘पातेली’ असेल तर पातेलीच द्या, वह्या नकोत. वस्तू पाठवायच्याच असतील तर भोपाळहून कोकणाकडे मंगला एक्सप्रेस जाते, पण बहुतेक वस्तू दापोलीत किंवा खेडमध्येच मिळतात आणि तिथल्या दुकानदारालाही वादळानंतर गिऱ्हाईक हवे असते. पैसे समितीच्या बँक खात्यावर पाठवा, पावती घ्या आणि ज्या वस्तूसाठी दिले तिची डेडस्टॉकला नोंद करायला सांगा.

आणि तुमच्या गटाने मदतीचा एक हप्ता पुढच्या वर्षीच्या ऑगस्टसाठी राखून ठेवा. तेव्हा वादळाची बातमी जुनी झालेली असते, पुढच्या पटाची मोजणी महिन्यावर आलेली असते आणि शाळेला फोन करणारे कोणी उरलेले नसते. त्या फोनवर एकच विचारा : या वर्षी किती मुले कमी झाली आणि का? उत्तर काय येते ते मला जरूर कळवा.